रिख्तर ऐकायला सुरुवात कुठून करायची: पियानोच्या दुनियेत नवीन असणाऱ्यांसाठी

वेस्टर्न क्लासिकल पियानो ऐकायचाय पण सुरुवात कुठून करू, असं दोन-तीन महिन्यांतून एकदा कुणीतरी विचारतंच, आणि माझं उत्तर कायम एकच असतं. त्या 'रिलॅक्सिंग पियानो'वाल्या प्लेलिस्ट बंद करा आणि एक माणूस पकडा. एकाच पियानिस्टचं आयुष्य आणि वाजवणं नीट ऐकलं की बाकीचे आपोआप कळायला लागतात, जसं एका गवयाला वर्षभर ऐकलं की घराणं म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे स्व्यातोस्लाव रिख्तर. खाली लिहिलेला क्रम मी स्वतः धडपडत शोधलेला आहे आणि तीन-चार जणांना तसाच ऐकवलेला आहे, त्यामुळे जमलं तर क्रम बदलू नका.

आधी सर्चचं बघा

नुसतं रिख्तर टाकलं तर पहिल्यांदा मॅक्स रिख्टर येतो, तो आजचा संगीतकार आहे, सिनेमांना वगैरे म्युझिक देतो. मग कार्ल रिख्टर येतो, तो ऑर्गन वाजवणारा आणि बाखच्या संगीताचा कंडक्टर. आपला माणूस वेगळा, म्हणून पहिलं नाव पूर्ण टाका, स्व्यातोस्लाव. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे दिसतं, त्यानं बिचकू नका.

दुसरं म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगखाली शहर आणि वर्ष बघायची सवय आत्तापासूनच लावा, कारण या माणसाचा एकच पीस दहा-दहा वेगवेगळ्या कॉन्सर्टमधला सापडतो. शूबर्ट या संगीतकाराचं नाव घेऊन नुसतं 'रिख्तरचं शूबर्ट' असं म्हणून काही कळत नाही, कुठलं आणि कधीचं ते महत्त्वाचं.

सेटिंग, हे खरंच करा

शफल बंद. अ‍ॅपमधे क्रॉसफेड म्हणजे एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळायचं सेटिंग असतं तेही बंद, कारण एका सोनाट्याचे, म्हणजे इथे एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेचे, तीन-चार भाग वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात आणि त्यांच्या मधली शांतता हीसुद्धा वाजवण्यातच येते. मधे जाहिरात येणार असेल तर दुसरीकडे ऐका, हळू भागाच्या मधोमध कर्जाची जाहिरात आली की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात जाते. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नका, साधे वायरवाले हेडफोन त्यापेक्षा बरे. पियानोचा एकदम हळू आवाज आणि एकदम मोठा आवाज यातलं अंतर प्रचंड असतं आणि छोटा स्पीकर ते सगळं सपाट करून टाकतो. आवाज एकदा लावला की हलवायचा नाही, हळू भाग ऐकू येत नाही म्हणून वाढवला तर पुढच्या मिनिटाला कान फुटतील.

आता माणूस थोडा समजून घ्या

हा भाग लोक स्किप करतात आणि थेट वाजवण्यावर जातात, पण पियानिस्टचं करिअर म्हणजे काय असतं हे रिख्तरच्या बाबतीत कळलं की त्याचं वाजवणं वेगळं ऐकू येतं.

जन्म २० मार्च १९१५ चा, झितोमिर गावातला, आज ते युक्रेनमधे आहे. वडील तेओफिल जर्मन वंशाचे, पियानो आणि ऑर्गन वाजवणारे. लहानपण ओडेसात गेलं. आता नेहमीचा रस्ता असा असतो, की चार-पाच वर्षांचं पोर गुरूकडे, रोज स्केल्स, दहाव्या वर्षी स्पर्धा, मग कंझर्व्हेटरी, म्हणजे संगीताचं कॉलेज. रिख्तरचं असं काहीच झालं नाही. वडलांकडून जे मिळालं ते मिळालं, बाकी समोर येईल ते नोटेशन वाचून वाजवत तो आपला आपण शिकला. ऑपेराची आख्खी बाडं पियानोवर वाजवायचा, आणि ओडेसाच्या ऑपेरात गायकांना तालमीत साथ करायची नोकरी लागली तेव्हा तो अजून विशीत पण पोचला नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या पियानोत नंतर जो गाता आवाज आणि नाटक सापडतं ते या साथीच्या दिवसांतून आलंय असं माझं ठाम मत आहे, आपल्याकडेही उत्तम साथ केलेल्या माणसाचं सोलो वेगळंच लागतं.

१९३४ मधे ओडेसात पहिलं रिसायटल, म्हणजे एकट्याचा कार्यक्रम, केलं, सगळं शोपँ या संगीतकाराचं. मग १९३७ मधे, म्हणजे बावीसाव्या वर्षी, तो मॉस्कोला हाइनरिख न्यूहाउस या गुरूकडे शिकायला गेला. एमिल गिलेल्स हा दुसरा मोठा पियानिस्टही त्यांचाच शिष्य. न्यूहाउसनी ऐकलं आणि ठेवून घेतलं, याला शिकवण्यासारखं फार काही नाही असं ते स्वतःच म्हणायचे. कंझर्व्हेटरीत राजकारणाचे सक्तीचे विषय होते, ते रिख्तर करायचा नाही म्हणून दोनदा काढून टाकला, न्यूहाउसनी परत आत आणला. राहायला जागा नव्हती तेव्हा गुरूच्या घरी पियानोखाली झोपायचा.

मग युद्ध. जर्मन आडनाव हाच गुन्हा ठरला आणि १९४१ मधे ओडेसात वडलांना हेर म्हणून गोळी घातली. मुलगा मॉस्कोत होता, त्याला हे खूप उशिरा कळलं. आई दुसऱ्या माणसाबरोबर जर्मनीला निघून गेली, आणि जवळजवळ वीस वर्षं मायलेकांची भेट नाही. आणि याच काळात हा माणूस गावोगाव वाजवत फिरतोय. जानेवारी १९४४ मधे लेनिनग्राडला वाजवलं तेव्हा हॉलच्या काचा बॉम्बमुळे फुटलेल्या होत्या, लोक ओव्हरकोट घालून बसले होते. मार्च १९५३ मधे स्टालिनच्या अंत्यविधीला वाजवायला त्याला तिबिलिसीहून उचलून आणला, विमानात पुष्पचक्रं भरलेली आणि त्यात हा एकटा प्रवासी, आणि तिथे जो पियानो दिला त्याचं पेडल चालत नव्हतं. करिअर या शब्दात हे सगळं बसतं का मला माहीत नाही, पण सोव्हिएत काळातल्या पियानिस्टचं आयुष्य असंच होतं.

पश्चिमेकडच्या लोकांनी तोपर्यंत त्याला प्रत्यक्ष ऐकलेलंच नव्हतं, नुसत्या दंतकथा आणि थोड्या रेकॉर्ड्स पोचल्या होत्या. सरकार बाहेर सोडत नव्हतं. शेवटी १९६० च्या ऑक्टोबरमधे अमेरिका, आधी शिकागोत ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो (म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची पियानोची रचना), मग १९ तारखेपासून न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधे रिसायटल्स, पहिलं सगळं बीथोव्हेन आणि पुढे दर वेळी नवा प्रोग्राम. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता, या क्षेत्रात इतक्या उशिरा जगासमोर येणं फारच दुर्मिळ.

आणि रियाजाचं विचाराल तर, तो सांगायचा की रोज तीन तास. पद्धत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, नवीन पीस घेतला की एकच पान घ्यायचं, ते पक्कं होईपर्यंत तेच, पुढचं पान उघडायचंच नाही. स्वतः पियानो शिकत असाल तर हे करून बघा, फार कंटाळवाणं आहे आणि फार उपयोगी आहे.

पहिलं ऐकणं: सोफिया, फेब्रुवारी १९५८

बल्गेरियातल्या सोफियाचं रिसायटल, रेडिओनं रेकॉर्ड केलेलं. त्यातलं मुसोर्ग्स्की या रशियन संगीतकाराचं 'चित्रप्रदर्शन' लावा. हे १८७४ चं, हार्टमन नावाचा त्याचा चित्रकार मित्र वारला, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते बघत फिरताना जे वाटलं ते पियानोत. म्हणून मधे मधे एक चालीची धून येते, ती म्हणजे आपण एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत जातोय. नवीन माणसाला यासारखा पीस नाही, कारण काय चाललंय ते डोळ्यासमोर दिसतं.

लावल्या लावल्या तुम्हाला धक्का बसेल, कारण लोक खोकतायत. फेब्रुवारीची थंडी, आख्खा हॉल सर्दीनं भरलेला, आवाज मोनो, पियानोही काही फार ग्रेट नाही, सुरुवातीलाच एक-दोन सूर चुकीचे पडतात. बरेच जण इथेच बंद करून एखादं स्वच्छ स्टुडिओ रेकॉर्डिंग लावतात. तसं करू नका. 'बैलगाडी' हा भाग येईपर्यंत थांबा. डावा हात खालच्या पट्ट्यांवर जड जड एकाच चालीनं चाललाय, गाडी लांब जाते तसा आवाज विरत जातो, आणि नेमकी तेव्हा जाणवते ती गोष्ट म्हणजे समोरच्या माणसाला खोकल्याची जरासुद्धा पर्वा नाही. पुढे कबरींचा भाग आहे, त्यात नुसते मोठे मोठे स्वरसमूह आणि त्यांचं हळूहळू मरत जाणं. आणि शेवटी कीव्हचा दरवाजा, तो पियानो मोडेल की काय असा. आणि ते चुकलेले सूर तसेच राहिले, आजही जगभर लोक हेच रेकॉर्डिंग शोधून ऐकतात.

आपला कान रागसंगीताचा असेल तर इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. इथे उपज नाही, एकूण एक सूर कागदावर लिहिलेला आहे, दुसरा पियानिस्टही तेच सूर वाजवणार. मग वाजवणाऱ्याचं स्वतःचं काय? तर सुराचं वजन, दोन सुरांमधला वेळ, दहा बोटांपैकी कुठल्या बोटाचा सूर वर काढायचा, आणि कधी थांबायचं. रिख्तर तर म्हणायचा की मी फक्त जे लिहिलंय ते वाजवतो, संगीतकार आणि ऐकणारा यांच्या मधे मी कुणी नाही. पण गंमत अशी की तो 'फक्त लिहिलेलं' वाजवतो आणि दोन मिनिटात ओळखू येतो.

त्याच कॉन्सर्टमधे लिस्ट या संगीतकाराचा 'फ्यू फोले' हा एट्यूड, म्हणजे सरावाच्या धर्तीवर लिहिलेला पीस, आहे, चार मिनिटांपेक्षा कमी. पियानिस्ट लोकांच्या दृष्टीनं हा अतिशय अवघड प्रकार, उजव्या हातात दोन-दोन सूर एकदम आणि तेही वेगात आणि तेही अगदी हळू आवाजात. हे ऐकून तुम्हाला अवघड वाटणारच नाही, नुसते काजवे चमकल्यासारखं वाटेल. तसंच वाटायला हवं.

दुसरं: सात मात्रा

प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराचा सातवा सोनाटा. हा रिख्तरनीच जानेवारी १९४३ मधे मॉस्कोत पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला, नोटेशन हातात आल्यावर चार दिवसांत बसवला. ऐन युद्धातलं संगीत आहे. पुढे प्रोकोफिएव्हनं नववा सोनाटा रिख्तरलाच अर्पण केला.

तुम्ही आधी फक्त तिसरा भाग ऐका, साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर. हा सात मात्रांचा आहे. रूपक येत असेल तर टाळी द्यायला जाल आणि फसाल, कारण रूपक तीन-दोन-दोन असा आणि हा दोन-तीन-दोन असा. दोन वेळा हातानं मोजून बघा, एक-दो, एक-दो-तीन, एक-दो. एकदा बसलं की डाव्या हाताचा तो खालचा ठेका, जो शेवटपर्यंत हटत नाही, तो अंगात शिरतो. तबलजी मित्राला हे ऐकवलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा तालच धरला आणि मग तिसऱ्यांदा ऐकताना म्हणाला की अरे वरती पण काहीतरी चाललंय. वेस्टर्नमधे आत शिरायला आपल्या लोकांना तालाचा दरवाजा सोपा पडतो असा माझा अनुभव. नंतर मग पूर्ण सोनाटा.

तिसरं: ऑर्केस्ट्राबरोबर

यावर फार लिहीत नाही. रख्मानिनॉव्हचा दुसरा कॉन्चेर्टो, वॉर्सा फिलहार्मोनिक, १९५९. सुरुवातीला पियानो एकटा, देवळातल्या घंटेसारखे आठ टोल, आणि रिख्तर ते इतके सावकाश देतो की ऑर्केस्ट्रा शिरेपर्यंत तुम्ही श्वास धरून बसता. घरातल्या कुणालाही आवडेल असं हे आहे.

चौथं: रोज थोडं बाख

बाखचे ४८ प्रील्यूड (सुरुवातीचा छोटा पीस) आणि फ्यूग (एकाच ओळीवर अनेक आवाजांत बांधलेला पीस), दोन भागात २४-२४, प्रत्येक पट्टीसाठी एक जोडी. पहिला भाग १७२२ चा. रिख्तरनी हे १९७० ते ७३ च्या दरम्यान साल्झबर्गजवळच्या क्लेसहाइम वाड्यात रेकॉर्ड केलं, त्यामुळे खोलीचा घुमारा जरा जास्त आहे, काहींना तो आवडत नाही, मला आवडतो. सलग ऐकायला जाऊ नका. सकाळी चहाबरोबर एक जोडी, बस. फ्यूगमधे काय ऐकायचं तर सुरुवातीला एकच ओळ एकटी येते, ती पाठ करून टाका, मग तीच ओळ दुसऱ्या आवाजात, तिसऱ्या आवाजात कुठे कुठे डोकं वर काढते ते पकडायचं. रोज एक केलं तर दीड महिन्यात पूर्ण होतं आणि तेवढ्यात कान बराच तयार झालेला असतो.

इथेच एक सांगून टाकतो. लोक शोधतात की रिख्तरचे बीथोव्हेनचे सगळे ३२ सोनाटे कुठे मिळतील. मिळणार नाहीत, कारण तो पूर्ण सेट करायचाच नाही, बाखचे ४८ हा मोठा अपवाद. जे आवडलं तेच वाजवायचा, 'मूनलाइट'च्या वाटेला गेला नाही, बीथोव्हेनच्या पाच कॉन्चेर्टोंपैकी चौथा-पाचवा पण नाही. शोपँच्या २४ प्रील्यूड्समधले निवडकच. तरी त्याच्याकडे सुमारे ऐंशी वेगवेगळे प्रोग्राम तयार होते. हे मला त्याच्या सगळ्या करिअरमधलं सर्वात शिकण्यासारखं वाटतं, मार्केट म्हणतं सगळं करा, आणि हा म्हणतो जे माझं आहे तेवढंच.

शेवटची पायरी: अंधार

उतारवयात त्याच्या कानाला एक विचित्र त्रास सुरू झाला. जन्मजात स्वरज्ञान अचूक होतं, आणि आता सगळं वरच्या पट्टीत ऐकू यायला लागलं, बोटं एक सूर वाजवतायत आणि कान दुसराच सांगतायत. विचार करा ना, आयुष्यभर ज्याच्या भरवशावर वाजवलं तोच फिरला. १९८० च्या आसपासपासून त्यानं पाठ वाजवणं सोडलं, समोर नोटेशन ठेवायला लागला, पानावर एक छोटा दिवा आणि बाकी आख्खा हॉल काळोखात. कारणही तो स्पष्ट सांगायचा, पियानिस्टचा चेहरा आणि बोटं बघण्यात काही नाही, माझ्याकडे बघू नका, ऐका.

मोठ्या हॉलपेक्षा छोट्या जागा त्याला जास्त आवडायच्या. फ्रान्समधे तूर शहराजवळ तेराव्या शतकातलं एक धान्याचं कोठार त्याला सापडलं आणि तिथे १९६४ पासून त्यानं फेस्टिव्हल सुरू केला. १९८६ मधे, एकाहत्तराव्या वर्षी, गाडीनं सहा महिने सायबेरिया पालथा घातला, सोबत यामाहाचा पियानो, सुमारे दीडशे कॉन्सर्ट, त्यातली काही अशा गावात जिथे हॉलच नव्हता. शेवटचं रिसायटल ३० मार्च १९९५ ला जर्मनीत ल्यूबेकला झालं, आणि १ ऑगस्ट १९९७ ला मॉस्कोत तो गेला.

तर आता शूबर्टचा शेवटचा सोनाटा, बी फ्लॅटचा, १९७२ चं साल्झबर्गचं रेकॉर्डिंग. शूबर्टनं हा सप्टेंबर १८२८ मधे संपवला आणि नोव्हेंबरमधे वारला, वय एकतीस. बहुतेक पियानिस्ट याचा पहिला भाग वीस मिनिटांच्या आत संपवतात, काही त्यातला पुनरावृत्तीचा भाग गाळतात. रिख्तर काही गाळत नाही आणि चोवीस मिनिटांच्या वर घेतो. ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा मोठा पियानिस्ट १९५७ मधे मॉस्कोला गेला होता, त्याला शूबर्ट फारसा आवडायचा नाही, आणि तिथे रिख्तरकडून हाच सोनाटा ऐकून तो भारल्यासारखा बसून राहिला, हे त्यानं स्वतः सांगितलंय.

मी हा दोनदा अर्धवट सोडला होता, फार संथ म्हणून. मग एकदा साताऱ्याला आईकडे होतो, रात्री साडेनऊला लाइट गेली, पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, करायला काहीच नाही म्हणून फोनवर हा लावला, हेडफोन न लावता उशीजवळ ठेवून. सुरुवातीला एक शांत धून येते, प्रार्थनेसारखी, आणि ती थांबते तिथे खूप खालून, पियानोच्या तळातून एक थरथर ऐकू येते, लांब कुठेतरी ढग वाजल्यासारखी, आणि मग शांतता. रिख्तर ती शांतता इतकी लांबवतो की आतल्या खोलीतून आई म्हणाली, बंद पडलं का रे? मी म्हटलं, नाही गं, आहे. आणि धून परत सुरू झाली. उजेडात, हातातलं काम करता करता ऐकताना त्या जागेत मला काही ऐकूच आलं नव्हतं.

म्हणून हा सोनाटा रात्री ऐका, दिवे घालवून, फोन पालथा ठेवून, चोवीस मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी वेळ बघून. पहिल्या भागानंतर थांबावंसं वाटेल, थांबू नका, दुसरा भाग लगेच ऐका. त्यात डावा हात एकच छोटी खूण घेऊन खालून वर, उजव्या हाताच्या पलीकडे जातो आणि परत खाली येतो, सारखा, आणि मधे उजवा हात गातो. यूट्यूबवर दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ बघून हातांची ती ये-जा आधी एकदा समजून घेतली तरी चालेल. मग डोळे मिटून रिख्तर.

हे सगळं झाल्यावर एकदा तरी खरा पियानो समोर बसून ऐका, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात रिसायटल्स होतात, प्रोग्राम आधी बघून त्यातला एखादा पीस घरून ऐकून जा. सोनाट्याच्या दोन भागांमधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, सगळे भाग संपून वाजवणाऱ्यानं हात मांडीवर ठेवले की मग. आणि घशाला त्रास असेल तर खडीसाखर खिशात ठेवा, प्लास्टिकच्या कागदातली गोळी नको, तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.